वैरी क्रमांक तीन

जगातल्या नद्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. अॅमेझॉनला कुठली उपनदी कुठून येऊन मिळते, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकतो. आमच्या मंडळीचं म्हणणं, झोपेतच जास्त बरोबर सांगतो. सगळा जन्म शिर्बान्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात गेला. आणि अशा माणसाला कोर्टातला कारकून भर रांगेत विचारतो, "मास्तर, तुमच्या सख्ख्या आत्याचं नाव काय?" आणि मास्तर गप्प.

रांगेत माझ्यामागे माझाच एक जुना विद्यार्थी उभा होता. आता त्यालाही टक्कल पडलंय. तो हळूच म्हणाला, "मुख्तार मास्तर, आम्हाला उत्तर आलं नाही की तुम्ही बाकावर उभं करायचात." सुदैवाने कोर्टात बाक रिकामा नव्हता.

प्रकरण असं. नाईलच्या खोऱ्यातल्या मिन्यत गावात कालव्याच्या कडेला आमच्या आजोबांची पाच किरात जमीन. किरात म्हणजे एक घर, एक झाड आणि एक म्हैस मावेल एवढा तुकडा. आजोबा गेले तेव्हा वाटणीला बसले दोन भाऊ, माझे वडील आणि काका. दोन तुला, दोन मला, इथवर सगळं गोडीगुलाबीनं झालं. पाचवा किरात रस्त्यालगतचा, तुतीच्या झाडाचा. तो कोणाचा, यावर जे अडलं ते अडलंच. माझे वडील म्हणाले, मी थोरला म्हणून माझा. काका म्हणाले, मी कसतो म्हणून माझा. दावा चालू असतानाच दोघेही वारले, आणि आम्हा पोरांना वारसाहक्कानं जमिनीऐवजी दावा मिळाला.

काकांचा मुलगा हाजी रिझ्क, म्हणजे कागदोपत्री माझा वैरी. आमच्या कोर्टात पक्षकार वगैरे सौम्य भाषा नाही, समन्सवर सरळ 'वैरी' म्हणतात. रिझ्क वैरी क्रमांक एक. तारखेला आम्ही एकाच मिनीबसनं जातो, कारण त्या वेळेला दुसरी नसते. कोर्टासमोरच्या एकाच गाडीवर तामियाचे गरम वडे आणि भाकरी खातो, एकमेकांकडे पाठ करून. एकदा त्याला लोणचं मिळालं नाही, तेव्हा मी माझ्यातलं मागच्या मागे सरकवलं. त्यानंही न बघता घेतलं. वैर वैराच्या जागी, लोणचं लोणच्याच्या जागी.

कोणी म्हणेल, एका किरातासाठी कशाला एवढा आटापिटा? तर उत्तर आहे आमच्या मंडळीचे गुडघे. आम्ही राहतो पाचव्या मजल्यावर. घरमालकानं लिफ्टसाठी खड्डा ठेवलाय, लिफ्ट ठेवायचं राहिलं. मंडळी वाण्याकडे दोरीनं टोपली सोडते आणि बाल्कनीतून ओरडून भाव करते. तिचा आवाज खाली जातो, साखर वर येते, ती आपली तिथंच. मागच्या ईदला शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून तिला खाली नेलं होतं, त्यानंतर तिचा पाय जमिनीला लागलेला नाही. एकदा कठड्याला टेकून म्हणाली, "अहो, एकदा चप्पल काढून मातीवर उभं राहायचंय." तिने आयुष्यात फारसं काही मागितलेलं नाही, त्यामुळे मागितलं की मला रात्रभर झोप येत नाही.

माझ्या दोन किरातांवर दोन खोल्या बांधायच्या, एकही पायरी न ठेवता, एवढाच माझा बेत. पण माझ्या जागेला वाट त्या पाचव्या किरातातूनच. विटांची गाडी आत न्यायला निघालो की रिझ्क आडवा पडतो. त्याची म्हैस बाहेर निघाली की मी आडवा पडतो. म्हशीपुढे आडवं पडणं या वयात सोपं नाही.

यंदा नवे न्यायाधीश आले. आधीचे नुसते तारीख द्यायचे. यांना कागद वाचायची खोड.

"आजोबांना मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन, साहेब," मी आणि रिझ्क एका सुरात म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

"आणि मुली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. "मुली म्हणजे," रिझ्क खाकरला, "तशी एक आहे."

"तशी म्हणजे कशी? हयात आहे?"

"आहे ना. अलेक्झांड्रियाला असते."

"मग ती दाव्यात का नाही?"

"साहेब," रिझ्क समजावणीच्या सुरात म्हणाला, "ती बाई आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुढच्या तारखेपर्यंत या वारसाला दाव्यात सामील करा, नाहीतर दावा निकालात काढतो, असं म्हणून त्यांनी पुढचं प्रकरण पुकारलं. दावा निकालात म्हणजे माझी वाट बंद, म्हणजे मंडळी कायमची बाल्कनीत. मी धावत कारकुनाकडे गेलो, आणि तिथं त्यानं मला भूगोलापेक्षा अवघड प्रश्न विचारला.

"उम्म शौकी," मी म्हणालो. "शौकीची आई. सगळे तसंच म्हणतात."

"मास्तर, शौकीच्या आईवर दावा लावता येत नाही. या देशात शौकी किती! आणि प्रत्येकाला आई."

आता तुम्हाला वाटेल, हा कसला भाचा! पण मिन्यतच्या माणसाला विचारा. आमच्याकडे बाईचं नाव चारचौघांत घेत नाहीत. लहानपणी ती अमक्याची पोर, लग्नानंतर तमक्याच्या घरातली, मूल झालं की त्याची आई. दुसऱ्याच्या बायकोचं नाव विचारलं तर मारामारी होते. मी लहान असताना तिला आत्या म्हणायचो. आजोबा गेल्यावर तिनं भावांकडे आपला वाटा मागितला म्हणे, तर दोघांनाही फार लागलं. वाटा मागणारी बहीण! तेव्हापासून ईदला तिच्याकडे जाणारी टोपलीही बंद झाली, आणि आम्हीही जायचे बंद झालो.

"फोन करा ना तिला," मंडळी म्हणाली.

"आणि काय म्हणू? आत्या, मी मुख्तार, इतक्या वर्षांनी फोन केला, तब्येत कशी आहे, तुमच्यावर दावा लावायचाय, तर तुमचं नाव काय?"

"असंच म्हणा. खरं तेच आहे."

खरं असलं तरी फोनवर बोलवत नाही. मी नोंदणी कचेरीत गेलो. तिथला माणूस म्हणाला, "नाव सांगा, लगेच शोधून देतो." मी म्हणालो, "नावच शोधायचंय." तो म्हणाला, "मग अर्जात नावाच्या रकान्यात नाव भरा." हा संवाद आम्ही तीन खिडक्यांवर केला.

तिसऱ्या मजल्यावरचे नाशिद रेल्वेतून निवृत्त झालेत आणि सल्ल्यातून व्हायचेत. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही उगाच खोलात जाता. 'एक अज्ञात आत्या' असं लिहा. आमच्याकडे बेवारस सामानाची नोंद तशीच करायचे." कॉफीच्या दुकानातल्या एकानं तर आपली आत्या देऊ केली. तिला हल्ली काही काम नसतं, कोर्टात तेवढाच वेळ जाईल, म्हणाला.

शेवटी मिनीबसमध्ये मी मान खाली घालून रिझ्कलाच विचारलं, "तुझ्या आत्याचं नाव काय रे?"

"तुझीपण आत्याच ना ती!" तो उसळला. मग आजूबाजूला पाहून माझ्या कानाशी वाकला. "बाईमाणसाचं नाव. बसमध्ये विचारतोस? लाज आहे का? आणि ते कोर्टात पुकारणार, व्हरांड्यात! आजोबा कबरीत उठून बसतील." उतरताना म्हणाला, "फौझिया."

"नक्की?"

"म्हणजे काय? आजी रोज संध्याकाळी अंगणातून हाक मारायची, फौझिया, आत ये! मला स्पष्ट आठवतंय. पाहिजे तर शपथ घेतो."

हाजी माणूस शपथ घेतो म्हटल्यावर माझे वकील लुत्फी यांनी 'वैरी क्रमांक दोन, फौझिया' असं लिहिलं. गल्लीचं नाव ठाऊक होतं. समन्स गेलं, पोचल्याची सही आली, मी मंडळीला म्हटलं, "आता चपला काढायच्या तयारीला लाग."

तारखेला व्हरांड्यात एक भरभक्कम बाई तीन मुलगे घेऊन उभी. हातात भरल्या कोबीपानांचं पातेलं. नाव पुकारताच "आले, आले!" करत ती पुढं सरसावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मला ठाऊकच होतं, बापानं कुठंतरी जमीन ठेवली असणार!"

मी रिझ्ककडे पाहिलं. रिझ्क छताकडे पाहत होता.

"साहेब, ही आमची आत्या नव्हे," मी म्हणालो.

"बघा साहेब!" फौझियाबाई मुलांकडे वळल्या. "जमीन द्यायची वेळ आली की नातं संपलं. सगळे पुरुष मेले एका माळेचे मणी." व्हरांड्यातल्या बायका त्यांच्या बाजूनं बोलू लागल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "शोभतं का मास्तर, एवढ्या धडधाकट आत्याला नाकारता?"

साहेबांनी शांतपणे लिहून घेतलं. बाई समन्स घेऊन आल्यात, तेव्हा त्या आता दाव्यात आहेत. त्यांना वगळायचं तर त्या आत्या नाहीत हे सिद्ध करा.

"ते कसं करायचं, साहेब?"

"खरी आत्या आणा."

रिझ्क पुढे झाला. "साहेब, आमची आत्या इतकी बोलत नाही. हा पुरावा धरता येईल का?" तो धरता आला नाही. आणखी एकच तारीख मिळाली, शेवटची.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसलो. पाचव्या मजल्यावर जाऊन मंडळीला काय सांगायचं हेच कळेना. आत्या मिळेना ती मिळेना, वर एक जास्तीची मिळाली. फौझियाबाईंनाच दया आली असावी. त्यांनी कोबीपानांचं पातेलं पुढं केलं. "खा हो. वैरी झालं म्हणून काय उपाशी मरायचं? कोण ही तुमची आत्या?"

"अलेक्झांड्रियाला असते, तुमच्याच गल्लीत. उम्म शौकी."

"अगं बाई! समोरच्या दारातली? रोज चहा घेतो आम्ही एकत्र."

मी उभाच राहिलो. "मग तिचं नाव काय?"

फौझियाबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. "उम्म शौकी," त्या हळूच म्हणाल्या. "इतकी वर्षं झाली. कधी विचारलंच नाही."

त्याच शुक्रवारी आम्ही तिघे अलेक्झांड्रियाला. रिझ्कनं बदक घेतलं होतं, मी तुतीची टोपली, पाचव्या किरातातल्याच झाडाची. वाटेत तो म्हणाला, "तूच बोल. तू शिकलेला." मी म्हणालो, "तू बोल. तू हाजी." फौझियाबाई म्हणाल्या, "दोघेही गप्प बसा, नाहीतर पातेलं डोक्यात घालीन."

आत्या दारातच पाट टाकून मोलोखियाची पालेभाजी निवडत होती. एवढीशी झालेली. आम्हाला पाहून उठली नाही. "मुख्तार," ती म्हणाली, "आणि हा रिझ्क. नाकं आजोबांची. भांडण मिटलं की वाढलं?"

"वाढलं, आत्या," रिझ्क बदक पुढे करत म्हणाला.

मग मी सगळं सांगितलं. दावा, साहेब, मंडळीचे गुडघे, विटांची गाडी, आणि फौझिया हे नाव कसं लागलं तेही. फौझिया ऐकून आत्याचे हात थांबले.

"रिझ्क, अरे ती आपली म्हैस!"

रिझ्क बदकाकडे बघू लागला. फौझियाबाई मात्र कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "म्हणजे मला कोर्टात बोलावलं ते म्हशीच्या नावावर?"

"फार गुणी म्हैस होती ती," आत्या म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की आत्याला ठसका लागला.

हसणं ओसरल्यावर मी विचारलं. "आत्या, नाव हवं होतं."

तिनं भाजीची पुढची जुडी ओढली. "माझं नाव आबांनी ठेवलं होतं," ती म्हणाली. "त्यांना मोठ्यानं हाक मारायला आवडायचं. शेतातून मारायचे, कालव्यापलीकडून मारायचे. माझं लग्न झालं तेव्हा काझीनं नाव विचारलं, तर तुमच्या बापांनी त्याला सांगितलं, जरा हळू घ्या, बाहेर लोक आहेत. त्यानंतर नाहीच घेतलं कोणी. मी वाटा मागितला, तेव्हाही म्हणाले, शौकीच्या आईला काय कमी आहे?" तिनं वर पाहिलं. "कोर्टात मोठ्यानं पुकारतात म्हणे?"

"फार मोठ्यानं," मी म्हणालो. "रस्त्यापर्यंत ऐकू जातं."

"मग तुम्हाला नाही सांगत. मी येते. ओळखपत्र आहे माझ्याकडे. तिथल्या माणसाला मीच दाखवीन."

तारखेच्या सकाळी ती काळी चादर घेऊन फौझियाबाईंच्या आधारानं कोर्टात आली आणि एकटी कारकुनापाशी गेली. लुत्फी वकील म्हणाले, वारसाला स्वतःहून दाव्यात येता येतं, चिंता नको. कारकुनानं ओळखपत्र पाहिलं, मग मला पाहिलं, आणि काही न बोलता लिहिलं. आम्ही दोघे खिडकीशी पोरांसारखे टाचा उंचावून उभे होतो. काही दिसलं नाही.

मग पट्टेवाला व्हरांड्यात आला. त्याचा आवाज नाईलपल्याडहून म्हैस परत आणील असा आहे.

"वैरी क्रमांक तीन! सित्त अबूहा अब्दुल-मक्सूद हाजिर हो!"

सित्त अबूहा. बापाची राणी. आमच्या आजोबांनी मुलीचं नाव ठेवलं होतं 'आपल्या बापाची राणी', आणि आम्ही तिला शौकीची आई करून टाकलं होतं. रिझ्कनं टोपी काढली आणि परत घातली. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

आत्या हलली नाही. पट्टेवाल्यानं परत पुकारलं. मी घाबरलो, गैरहजर लागली तर सगळं गेलं. "आत्या, तुम्हालाच हाक आहे," मी म्हणालो.

"ऐकतेय ना," ती डोळे मिटून म्हणाली. "अजून एकदा म्हणू दे त्याला."

त्यानं म्हटलं. मग ती आत गेली.

साहेबांनी तिला बसायला खुर्ची दिली. "बाई, तुमचं काय मागणं?"

"माझ्या बापाचं जे माझं असेल ते."

"मुलाच्या निम्मा मुलीचा," साहेब स्वतःशीच म्हणाले. "जमीन पाच किरात. दोघा भावांचे दोन दोन. बहिणीचा एक." मग ते थांबले. फाइल मागे उलटली, पुढे उलटली, आमच्याकडे पाहिलं. "तुमचे वडील कुठल्या किरातासाठी भांडत होते?"

"पाचव्या, साहेब," आम्ही म्हणालो.

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "जो तुम्हा दोघांचाही नव्हता, त्यासाठी."

भागाकार मलाही येतो. तिसरीच्या पोरालाही येतो. पण भागायचं कितीनं, हेच आमच्या घरात चुकलं होतं. माझे वडील आणि काका शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत, एकमेकांच्या मयताला गेले नाहीत, आणि ते सगळं बहिणीच्या तुतीच्या झाडासाठी. मला भर कोर्टात रडू आलं. रिझ्कनं न बघता मागच्या मागे रुमाल सरकवला.

"तो किरात आत्याचा, हे मान्य?" साहेबांनी विचारलं.

"मान्य," आम्ही म्हणालो. आमचं एकमत होण्याची ही दुसरी वेळ. फौझियाबाईंना दाव्यातून वगळलं. त्यांनी निषेध नोंदवायची विनंती केली, पण ती नोंदली गेली नाही.

आत्या आता मिन्यतला असते. तुतीखाली तिनं लाकडी बाक मांडलाय, शुक्रवारी फौझियाबाई पातेलं घेऊन येतात. आमच्या दोघांच्याही जागेची वाट तिच्या किरातातून, आणि तिनं कधी नाही म्हटलेलं नाही. फक्त एक अट. जाताना मालकिणीचं नाव घेऊन परवानगी मागायची, पट्टेवाल्यासारखी. हाजी रिझ्क रोज पहाटे म्हैस घेऊन निघताना तोंड लाल करून ओरडतो, "सित्त अबूहा अब्दुल-मक्सूद, जाऊ का?" आत्या म्हणते, "ऐकू आलं नाही." तो परत ओरडतो. आता त्याचा आवाज चांगला तयार झालाय.

दोन खोल्या झाल्या, एकही पायरी न ठेवता. नाशिद आणि तीन शेजाऱ्यांनी मंडळीला खुर्चीतून शेवटचं खाली उतरवलं, आणि गाढवगाडीतून आम्ही, बरोबर नाशिदही, मिन्यतला पोचलो. तुतीपाशी ती गाडीतून उतरली, चपला हातात घेतल्या, आणि काठी टेकून मातीवर उभी राहिली. पायाची बोटं तेवढी हलवत होती.

मी घसा साफ करून ओरडलो, "सित्त अबूहा अब्दुल-मक्सूद, जाऊ का?"

"जा," आत्या म्हणाली. "आणि बरोबर कोण आहे?"

"आमची मंडळी."

"मंडळी दिसतेय मला. नाव विचारलं."

रिझ्क म्हशीसकट थांबला होता. गाडीवाला होता, नाशिद होते, कालव्यावर भांडी घासणाऱ्या बायका होत्या. मी मंडळीकडे पाहिलं, ती आपल्या पायांकडे पाहत होती. इतक्या वर्षांच्या संसारात मी ते उंबऱ्याबाहेर कधी घेतलेलं नव्हतं. कालव्यापलीकडे जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणालो, "इन्साफ!"

तिचे कान लाल झाले. मग मातीवरून नजर न उचलता ती म्हणाली, "अजून एकदा म्हणा."